तंबाखूच्या कागदाचा उन्हाळा

गुढी उतरली की ग्वाल्हेरचं ऊन एकदम वयात येतं. आठवड्यापूर्वीपर्यंत ज्या उन्हात आपण खुर्ची ओढून बसत होतो, तेच ऊन आता खिडकीच्या गजाला हात लावू देत नाही. दुपारी रस्ते ओस पडतात, भाजणाऱ्या वाऱ्याची लू सुरू होते, आणि घराघरांत एकच काम निघतं. रजया, स्वेटरं, शाली झटकायच्या, उन्हात घालायच्या आणि पुढच्या थंडीपर्यंत बंद करून ठेवायच्या. सिटी सेंटरच्या आमच्या या फ्लॅटमध्ये त्यासाठी जागा म्हणजे पलंगाखालची पत्र्याची पेटी. परवा मी ती ओढली, सगळं भरलं, डांबरगोळ्यांची पुडी फोडली आणि तो वास नाकात शिरल्याबरोबर माझं मन उडालं. गोळ्यांचा वास दवाखान्याचा असतो. आमच्या घरातल्या लोकरीला एके काळी तंबाखूचा वास यायचा.

“अहो, गोळ्याच घालू ना यंदा?” मी बाल्कनीकडे तोंड करून विचारलं.

“घाल की,” हे म्हणाले. पेपरातून मान वर केली नाही.

मला या ‘घाल की’चा फार राग येतो. ज्या माणसाने एक अख्खा उन्हाळा डांबरगोळ्यांच्या विरोधात घालवला, ज्याने माझा चांगला चालता मिक्सर त्या पायी जाळला, तो माणूस आता इतक्या सहज ‘घाल की’ म्हणतो. भांडला असता तर बरं वाटलं असतं. पण आमच्या घरात भांडणाची जागा त्या उन्हाळ्यानंतर गप्प बसण्याने घेतली, आणि ती काही अजून सोडलेली नाही.

तेव्हा आम्ही माधवगंजात राहत होतो, वरच्या मजल्यावर, भाड्याने. डोक्यावर मोठी थोरली गच्ची होती. साथीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. हे रसायनशास्त्राचे. तरुणपणी इथल्याच हजीऱ्याकडच्या एका कापड गिरणीच्या रंगशाळेत होते. गिरणी बंद पडली तशा यांनी शिकवण्या सुरू केल्या, आणि शिकवण्याही बंद केल्यावर घरातल्या घरात यांचा जीव रमेना. एक दिवस स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी पोतं ठेवून आले. पोत्यातून भुगा उडत होता आणि हे शिंकत शिंकत हसत होते. हजीऱ्याच्या एका बिडीवाल्याकडून तंबाखूचा कचरा आणला होता. पानांचे देठ, शिरा, आणि चाळून उरलेला गर्दा. तो एरवी उकिरड्यावरच जायचा.

“याचा कागद होतो,” हे म्हणाले.

मी म्हटलं, “आणि माणसाचं काय होतं?” कारण या माणसाला मी तंबाखू सोडताना पाहिलं होतं.

गिरणीत असताना यांना तंबाखू मळायची सवय लागली. डबी खिशात आणि चिमूट ओठाखाली. मग एकदा दाताच्या डॉक्टरांनी गालाच्या आत पांढरा चट्टा पाहिला आणि तोंड गंभीर केलं. माझं ऐकतील तर हे कसले! शेवटी आक्का आल्या. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, आक्कांनीच यांना न्हाऊमाखू घालून वाढवलं, आणि पुढे त्यांचं सासरही शहराच्या याच लश्कर भागात, आमच्या गल्लीच्या पलीकडे. आल्या, यांच्या खिशातून डबी काढून घेतली, यांच्या तळहातावर फुलपात्रातलं पाणी ओतलं आणि म्हणाल्या, “सोड. आईचं नाव घे आणि पाणी सोड.” चांगला मिशा असलेला माणूस, पण यांनी लहान मुलासारखं मान खाली घालून पाणी सोडलं. त्यानंतर परत म्हणून चिमटीला हात लावला नाही. चट्टाही पुढे नाहीसा झाला. म्हणून तर ते पोतं पाहून मी तसं विचारलं होतं.

पण यांच्या डोक्यात वेगळंच होतं. गिरणीच्या कामाने कधीतरी बाहेर गेले असताना यांनी एका कारखान्यात पाहिलं होतं, की तंबाखूचा चुरा आणि देठ वाया घालवत नाहीत. पाण्यात उकळून त्यांचा काढा काढतात, उरलेल्या चोथ्यात झाडांचे धागे मिसळून कागदासारखे पत्रे करतात, आणि त्यावर तोच काढा पुन्हा मारून, वाळवून, कापून परत सिगारेटीत भरतात. “म्हणजे एवढी सगळी अक्कल खर्च करून शेवटी धूरच,” हे म्हणायचे. यांना ते वर्षानुवर्षं खुपत होतं. आपल्याकडे लोकरीच्या कपड्यांत, पोथ्यांत तंबाखूची पानं ठेवायची जुनी रीत आहे, कसर लागू नये म्हणून. पण पानं चुरतात, कपड्याला चिकटतात, झटकता झटकता नाकी नऊ येतात. त्याऐवजी तंबाखूचा अख्खा कागदच केला तर? त्यात लुगडी बांधा, शाली बांधा, पोथ्या गुंडाळा. ज्याने आपला गाल कुरतडला, त्याला पहाऱ्यावर बसवायचं.

ही कल्पना सांगताना यांचे डोळे असे चमकले, की मी पोतं गच्चीवर न्यायला एक टोक धरलं.

मग काय विचारता! पहाटे देठ भिजायचे, मग जुन्या पातेल्यात रटरटायचे. जिना चढणाऱ्याला ठसका लागायचा. काळा काढा निथळून एका बाजूला ठेवायचा, चोथा कुटायचा. नुसत्या तंबाखूचा कागद धरत नाही, हातात घेतला की मोडतो, म्हणून त्यात अंबाडीच्या सालीचे धागे. ती साल चुन्याच्या निवळीत शिजवायची, धुवायची, कुटायची. कुटून हात भरून आले तेव्हाच माझा मिक्सर कामी आला, म्हणजे कामातून गेला. दोन्ही लगदे पाण्याने भरलेल्या टबात ढवळायचे, आणि खिडकीची मच्छरजाळी ठोकलेली लाकडी चौकट त्यात बुडवून अलगद वर उचलायची. पाणी गळून जायचं आणि जाळीवर एक पातळ तपकिरी साय उरायची. ती जुन्या धोतराच्या तुकड्यावर उलटायची, वर पाटा ठेवून दाबायची आणि खाटेवर वाळत घालायची. आमच्या लूला त्या वर्षी पहिल्यांदा कोणी कामाला लावलं असेल. जेवणं उरकून घातलेला कागद चहाच्या वेळेपर्यंत खडखडीत वाजायचा.

त्याच गच्चीवर माझेही सांडगे, कुरडया, बटाट्याचे पापड असायचे. एका खाटेवर माझा संसार, दुसऱ्या खाटेवर यांचा. वारं सुटलं की आम्ही दोघंही धावायचो, ज्याच्या हाताला जे लागेल ते धरायचो. मी यांचे कागद धरायची आणि हे माझे पापड छातीशी धरून उभे राहायचे. उन्हाने चेहरे काळे पडले होते. आमच्या लग्नाला तेव्हा पुष्कळ वर्षं झाली होती, पण एकत्र काम करून दमण्यातलं सुख आम्हाला त्याच उन्हाळ्यात कळलं. आम्हाला मूलबाळ नाही. त्या गच्चीवर मात्र आमचं दोघांचं काहीतरी आहे असं वाटायचं.

शेजारच्या गच्चीवरून दुबे भाभी रोज पाहत असायच्या. एक दिवस त्यांना राहवेना. “भाभीजी, अमावट डाली है क्या? रंग तो बहुत बढ़िया आया है!” असं विचारत, माझ्या उत्तराची वाट न बघता, कठड्यावरून हात लांब करून त्यांनी एक कोपरा मोडला आणि तोंडात टाकला. आंब्याच्या साठाच्या आशेने तंबाखू चावल्यावर माणसाचं जे होईल ते त्यांचं झालं. खाली बसल्या, डोळे फिरले, मी पन्ह्याचा पेला घेऊन धावले. आठवडाभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. यांनी मात्र मोडलेला कोपरा उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, “फाटला नाही बघ, तुटला. धागे जास्त हवेत.”

सगळ्यात मोठी पंचाईत काढ्याची होती. लगदा स्वच्छ धुतला, तर कागद छान व्हायचा, रंग उतरायचा नाही, पण वासही राहायचा नाही. अशा कागदाला कसर काय भीक घालणार? न धुतला तर वास दणदणीत, पण ओल लागली की तपकिरी रंग सुटायचा. यांनी शेवटी त्या कारखान्याचीच युक्ती केली. कागद धुऊन घ्यायचा आणि काढा आटवून, थोडा थोडा, फडक्याने त्यावर फिरवायचा. किती फिरवायचा याच्यावर यांचे किती दिवस गेले, ते सांगता येणार नाही. कोरडा असेल तोवर हाताला डाग लागायचा नाही इथवर यांनी आणलं. पाण्याचं मात्र भय राहिलंच.

पाण्यावरून आक्कांचं सांगायला हवं. आक्का कडक सोवळ्याच्या. बाहेरून घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर त्या गंगाजल शिंपडायच्या. देवळीत तांब्याचा गडू असायचा, त्यात तुळशीचं पान. भाजीवर शिंपडायच्या, पोस्टाने आलेल्या पाकिटावर शिंपडायच्या, गॅसचं सिलिंडर आलं की त्याच्यावरही चार थेंब. सिलिंडरवाला दारात उभा राहून हात जोडायचा, “अम्मा, हम पर भी डाल दो.” पुढे साथ आली आणि अख्खं जग दुधाच्या पिशव्या धुवायला लागलं, तेव्हा आक्का फोनवर मला म्हणाल्या होत्या, “आता आले ना सगळे माझ्या लाइनीवर? इतकी वर्षं हसून राहिले होते मला.” आम्ही खरंच हसायचो. त्यांचा नातू-नातींना धाक नव्हता, पण त्या गडूला कोणी हात लावत नसे.

त्या उन्हाळ्यात आक्का एकदा आमच्या गच्चीवर आल्या. नाकाला पदर, एका हातात काठी, जिना चढून धाप लागलेली. खाटेवरचे कागद पाहिले.

“बाळू, जे मी तुला थुंकायला लावलं, ते तू परत घरात आणलंस?”

“खायला नाही आणलं, आक्का.”

“मग कशाला आणलं?”

यांनी सांगितलं. सांगताना शब्द एकमेकांत अडकत होते. साठी उलटलेला माणूस, पण बहिणीसमोर उभा राहिला की प्रगतिपुस्तक दाखवायला आल्यासारखा दिसायचा. आक्कांनी सगळं ऐकलं, कागदाला बोट लावलं नाही, लांबूनच वाकून बघितलं. “पापडापेक्षा पातळ आलाय गं,” मला म्हणाल्या, आणि काठी टेकत खाली गेल्या. यांना वाटलं, पसंत पडला नाही. दोन दिवस यांना जेवण गोड लागलं नाही. मग आक्कांचा निरोप आला, चांगला मोठा बघून एक कागद घेऊन ये.

यांनी त्या एका कागदासाठी नवी चौकट ठोकली. अंबाडीचा धागा बोटांनी विंचरून घेतला. काढा फिरवताना मला दिवा धरून शेजारी उभं केलं, सावली पडू नये म्हणून. तो कागद वाळला तेव्हा त्याचा रंग जुन्या मधासारखा होता आणि एकही सुरकुती नव्हती. गुंडाळी करून आम्ही दोघं ऐन उन्हात आक्कांकडे गेलो.

आक्कांनी ट्रंक उघडली आणि माझ्या सासूबाईंचं लुगडं काढलं. नऊवारी चंदेरी, मोतिया रंगाचं, बारीक जरीचा काठ. आमच्या आणि आक्कांच्या, दोन्ही घरांची रीत अशी, की घरातून जाणारी मुलगी गौरीहराला ते नेसते आणि घरात येणारी सून लक्ष्मीपूजनाला. मीही उज्जैनहून या घरात आले तेव्हा तेच नेसले होते. इतकं हलकं, की अंगावर आहे की नाही कळू नये. त्याच्या पदराला एका ठिकाणी कसरीने नुकतंच भोक पाडलं होतं.

“यात बांधते आईचं लुगडं,” आक्का म्हणाल्या.

यांनी मागितलं नव्हतं. शालीसाठी, फार तर एखाद्या पोथीसाठी कागद मागवला असेल, एवढीच यांची अपेक्षा. हे फक्त परत परत सांगत राहिले, “ओल लागू देऊ नको हं, आक्का. बाकी काही नाही, ओल तेवढी लागू देऊ नको.” आक्का म्हणाल्या, “मी काय लहान आहे?” परतताना हे गल्लीतून गुणगुणत चालले होते. यांचा गळा चांगला नाही. त्या दिवशी मला तोही चालला.

पाऊस आला, गेला. नवरात्राच्या आधी ट्रंकांना ऊन दाखवतात, तेव्हा आक्कांकडे आम्ही गेलो. यांना कोण घाई! जिन्यात माझ्या पुढे. आक्का गच्चीवर सतरंजी अंथरून बसल्या होत्या. त्यांनी कागद सोडला, लुगड्याची घडी उलगडली, आणि मोतिया पोतावर तपकिरी डाग दिसले. क्षणभरच. आक्कांनी झटकन घडी मिटली, कागद परत गुंडाळला, मांडीखाली सरकवला. “असू दे, असू दे,” म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या कोण जाणे. मग चहा टाकते म्हणून उठल्या. त्या चहा घेऊन येईपर्यंत हे जिना उतरून घरी गेले होते.

घरी आल्यावर पाहते तर यांनी टब पालथा घातला होता. उरलेला गर्दा दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत गेला. चौकट मोडून बंबात घातली. मी पुष्कळ बोलले. म्हटलं, जा, एकदा भेटून या, काय शिव्या द्यायच्यात त्या देऊ देत त्यांना, तुम्ही ऐका, मोकळे व्हा. हे म्हणाले, “आईचं होतं ते.” एवढंच. आक्कांकडे गेले तर तिथेही तेच. मी विषय काढला की त्या माझ्या बशीत चिवडा वाढायच्या. “जाऊ दे गं, घे तू. हा रतलामहून मागवलाय.” या दोघा भावाबहिणींचा हा कुळाचारच आहे. ज्याने मनाला लागेल ते बोलायचं नाही. माझ्या माहेरी माणसं कडाकडा भांडतात आणि संध्याकाळी एका ताटात जेवतात. मला हे न बोलणं कधी पचलं नाही.

बाहेरून बघणाऱ्याला काही बदललं आहे असं वाटलं नसतं. भाऊबीज व्हायची. ओवाळणी व्हायची. पण पूर्वी हे आक्कांच्या स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडायचे, “काय गं हे, मीठ घालायचं विसरलीस,” म्हणून त्यांना चिडवायचे, त्या लाटणं उगारायच्या. आता हे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसायचे, पाहुण्यासारखे. आक्का विचारायच्या, “चहा घेशील?” हे म्हणायचे, “घेतो.” बहिणीने भावाला चहा घेशील का विचारावं, याहून वाईट काय असतं! पुढे साथ आली, घराघरांची दारं लागली. मग आमचा मालक घर विकायला निघाला आणि आम्ही इकडे सिटी सेंटरला आलो. गल्लीपलीकडचं घर एकाएकी ऑटोच्या अंतरावर गेलं. गच्ची गेली. आता इथे लू येते ती फक्त बाल्कनीच्या काचेवर धूळ आणून टाकते.

या माघात आक्का गेल्या. शेवटच्या दिवसांत हे रोज त्यांच्या उशाशी जाऊन बसायचे. त्यांनी एकदा डोळे उघडून यांचा हात धरला आणि विचारलं, “तंबाखू नाही ना खात?” हे म्हणाले, “नाही, आक्का.” त्यांना अजून काही म्हणायचं असावं असं मला वाटलं, कारण त्या बराच वेळ यांच्याकडे बघत होत्या. पण तेवढ्यात नर्स आली.

परवा मी पेटीत डांबरगोळ्या टाकल्या त्याच दुपारी रुचा आली. रुचा म्हणजे आक्कांच्या मुलाची मुलगी. नोएडाला नोकरी करते, येत्या वैशाखात तिचं लग्न आहे. ओढणीने तोंड बांधून, स्कूटीवर, अशा लूमध्ये आली. हातात पिशवी. पन्हं प्यायली, इकडचं तिकडचं बोलली आणि मग बाल्कनीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“मामाआजोबा, एक चीज दाखवायची आहे. तुम्ही नाराज नाही ना होणार?”

पिशवीतून तिने गुंडाळी काढली. जुन्या मधाचा रंग. मी हातातलं काम तिथेच टाकलं. यांनी पेपर खाली ठेवला आणि खुर्चीचे हात घट्ट धरले.

“मला गौरीहराला हेच नेसायचंय,” रुचा म्हणाली. “मम्मी म्हणते दाग आहेत, नवीन घे. पण मला आजीचंच पाहिजे. तुम्ही केमिस्ट्रीवाले आहात ना, म्हणून विचारायला आले, हे दाग हलके होतील का? नहीं हुए तो भी चलेगा. आजीच तर बोलायची, मेरे हाथ के दाग हैं.”

“कोणाच्या हाताचे?” मी विचारलं.

“आजीच्या. तुम्हाला माहीत नाही?” ती आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. “मी तिथेच होते ना. ज्या दिवशी तुम्ही कागद देऊन गेलात. आजी बोलली, बाळूने इतकी मेहनत केली, पण आहे तर तंबाखूच, देवाच्या कामाच्या लुगड्याला असा कसा लावू? मग तिने गडूतलं गंगाजल कागदावर छिड़कलं आणि लगेच बांधून टाकलं. मी बोलले पण, आजी, मामाआजोबांनी ओल नको बोललंय. तर म्हणे, गंगाजल म्हणजे ओल थोडी असते!”



“मग तुझ्या आजीने यांना सांगितलं का नाही?” माझा आवाज चढला, मला आवरला नाही. “इतकी वर्षं?”

“ती घाबरायची, मामीआजी. बोलायची, सांगितलं तर त्याला वाटेल मी त्याच्या कागदाला ओवळा समजले. त्याला फार लागेल. आता दवाखान्यात होती तेव्हा बोलली मला, बाळूला सांग एकदा. पण मला वाटलं, मामाआजोबांना तर माहीतच असणार. दाग बघितले की समजतंच ना.”

आणि खरंच समजत होतं. तिने लुगडं माझ्या पलंगावर पसरलं आणि मी ते डाग पहिल्यांदा नीट पाहिले. ट्रंकेला ओल चढून झालेला डाग असा नसतो. तो एका कडेने पसरत येतो. हे सुटे सुटे गोल थेंब होते, तुळशीच्या पानाने शिंपडलेले, वर थोडे मोठे, खाली बारीक होत गेलेले. रंगशाळेत आयुष्याची उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ते ओळखायला पळभरही लागलं नसतं. पण त्यासाठी डागाकडे बघावं लागतं. हे त्या दिवशी बघितल्या न बघितल्यासारखं करून जिना उतरले होते, आणि आक्कांनी घडी मांडीखाली घातली होती. भाऊ समजत होता बहीण रागावली. बहीण समजत होती भाऊ दुखावेल. आणि त्यांच्या मधे काय होतं, तर चार थेंब पाणी. मला दोघांचा इतका राग आला आणि दोघांसाठी इतकं वाईट वाटलं, की मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेले. गेलेली वर्षं कोणाकडून मागायची? भाऊबीजा गेल्या, उन्हाळे गेले, गच्चीसुद्धा गेली.

परत आले तेव्हा हे चष्मा लावून लुगड्यावर वाकले होते. एकेका थेंबावरून बोट फिरवत होते. मग त्यांनी तो कागद उचलला, उजेडात धरला, नाकाशी नेला.

“कसर?” यांनी विचारलं.

“याला एक पण नवीन छेद नाही,” रुचा म्हणाली. “तो जुना एक होता, तोच. आजीच्या बाकीच्या सगळ्या साड्यांची चाळणी झाली, शाली पण गेल्या. आजी दरवर्षी बघायची आणि मला दाखवायची. हेच एक वाचलं.”

यांनी कागदाची परत गुंडाळी केली. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. गच्चीवर पहिला कागद न फाटता सुटून आला होता तेव्हा हा चेहरा मी पाहिला होता. त्यानंतर परवाच.

“आक्काला सांगायला हवं,” हे म्हणाले, आणि कागद बगलेत धरून दाराशी गेले, चपला बघायला लागले.

एक चप्पल पायात गेल्यावर थांबले.